खाबारोव्स्क, २०१६: क्रौर्याची शिक्षा आणि सतरा वर्षांचे आरोपी

ऑक्टोबर २०१६ मध्ये रशियातल्या खाबारोव्स्क शहरातले काही फोटो आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरायला लागले. एका ओसाड इमारतीत कुत्र्या-मांजरांचे हाल करून त्यांना मारलेलं त्यात दिसत होतं. हे कुणी लपून टिपलेलं नव्हतं, हाल करणाऱ्यांनी स्वतःच चित्रीकरण करून ठेवलं होतं. आरोपी म्हणून पुढे आल्या त्या सतरा-अठरा वर्षांच्या दोन मुली. नंतर खटल्यात एका तरुणाचंही नाव जोडलं गेलं. त्या चित्रफितींमध्ये नेमकं काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. त्याने कायद्याची समज तसूभरही वाढत नाही, आणि अशा चित्रणाला बघे मिळणं हेच तर करणाऱ्यांना हवं असतं.

खाबारोव्स्क हे आमूर नदीकाठचं, चीनच्या सीमेजवळचं शहर. मॉस्कोपासून रेल्वेने सुमारे साडेआठ हजार किलोमीटर दूर. तिथली एरवीची गुन्हेगारी बातमी राजधानीपर्यंत पोचतसुद्धा नाही. ही मात्र काही दिवसांत देशभर पोचली. आरोपींना ओळखून काढण्याचं कामही आधी इंटरनेटवरच्या लोकांनीच केलं आणि पोलीस मागून आले. शिक्षा वाढवा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकांवर लाखो सह्या झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल लागला आणि डिसेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला.

लोक संतापले, सरकार हललं, शिक्षा वाढली, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण त्यात मधला महत्त्वाचा भाग गळतो. आधीच्या कायद्यात सतरा वर्षांच्या आरोपीला नेमकं काय होऊ शकत होतं? नव्या कायद्याने त्यात काय बदललं? आणि काय तसंच राहिलं? या प्रश्नांची उत्तरं रशियन दंडसंहितेच्या चार-पाच कलमांत आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, की अल्पवयीनांना कठोर शिक्षा हवी की नको या वादाचं रूपच बदलतं.

प्राणी मिळाले कुठून

कायद्याकडे जाण्याआधी हे सांगायलाच हवं. मारलेले प्राणी सगळे रस्त्यावरचे नव्हते. बरेचसे ‘चांगल्या घरी देणे आहे’ अशा फुकट जाहिरातींमधून आणि निवाऱ्यांमधून मिळवलेले होते. घरात मांजर व्यायलेली असते, पिल्लं दीड-दोन महिन्यांची झालेली असतात, ठेवायला जागा नसते. मग पिल्लाचा गोड फोटो, फोन नंबर आणि ‘प्रेमाने सांभाळणाऱ्यांनीच संपर्क साधावा’ अशी ओळ टाकली जाते. दारात कॉलेजच्या वयाची हसतमुख मुलगी येते, पिल्लू छातीशी धरते आणि घेऊन जाते. देणाऱ्याला संशय यावा असं त्यात काहीच नसतं. उलट तरुण मुलगी आली म्हणून हायसंच वाटत असणार.

रेस्क्यूचं काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना ही भीती जुनीच आहे. घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, घर बघून यायचं, लेखी करार करायचा, पंधरा दिवसांनी फोन करून प्राण्याचा ताजा फोटो मागवायचा, एकाच माणसाने थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा पिल्लू मागितलं तर इतर गटांकडे विचारणा करायची. हे सगळं कंटाळवाणं वाटतं आणि घेणाऱ्यांना अपमानास्पदही वाटतं. तरी अशा गुन्ह्यात पुढचा बळी वाचवण्याची ताकद यातल्या एका फोनमध्ये असते. दंडसंहिता येते ती सगळं घडून गेल्यावर. मी कडक शिक्षेच्या बाजूने आहे, तरी आधीचा बंदोबस्त आणि नंतरची शिक्षा ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच्या जिवावर दुसरं टाळता येत नाही, हे या प्रकरणात ठसठशीतपणे दिसतं.

जुनं कलम २४५

रशियाची सध्याची दंडसंहिता १९९६ ची. ती १ जानेवारी १९९७ पासून लागू झाली. प्राण्यांशी क्रूरपणे वागण्याबद्दलचं तिचं कलम २४५. जुन्या रूपात गुन्हा सिद्ध व्हायला दोन गोष्टी लागत. एक, प्राणी मेलेला किंवा जायबंदी झालेला असला पाहिजे. दोन, ते कृत्य गुंडगिरीच्या हेतूने, पैशाच्या लोभाने, विकृत पद्धतीने किंवा लहान मुलांदेखत केलेलं असलं पाहिजे. प्राण्याला उपाशी डांबलं, मारझोड केली, पण तो कसाबसा जगला आणि कायमची इजा दिसली नाही, तर हे कलम लागतच नव्हतं.

शिक्षा काय होती? एकट्याने केलं तर ८० हजार रूबलपर्यंत दंड, ठरावीक तासांचं सक्तीचं काम, किंवा सहा महिन्यांपर्यंत ‘अटक’ नावाची अल्प मुदतीची कैद. ही कैद केवळ कागदावर होती. तिच्यासाठी जी वेगळी अटकगृहं लागतात ती देशात उभीच राहिली नाहीत, त्यामुळे सामान्य नागरिकाला ही शिक्षा प्रत्यक्षात दिलीच जात नव्हती. टोळीने किंवा संगनमताने केलं तर कमाल दोन वर्षं तुरुंग.

दोन वर्षं हा आकडा वाचून संताप येतो. पण खरी मेख त्या दोन वर्षांमुळे गुन्हा कोणत्या वर्गात पडतो, यात होती. रशियन कायद्यात गुन्ह्यांचे वर्ग कमाल शिक्षेवरून ठरतात. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर किरकोळ गांभीर्याचा गुन्हा. तीनपेक्षा जास्त आणि पाचपर्यंत असेल तर मध्यम. त्याच्या वर गंभीर आणि अतिगंभीर. या वर्गावर बाकीचं जवळजवळ सगळं अवलंबून असतं. तपास कोण करणार, खटला किती वर्षांत मुदतबाह्य होणार, पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला तुरुंगात टाकता येणार का, हे त्यातूनच ठरतं.

आता अल्पवयीनांसाठीचं कलम ८८ पाहा. त्यातला सहावा भाग सांगतो, की पहिल्यांदाच किरकोळ गांभीर्याचा गुन्हा केलेल्या कोणत्याही अल्पवयीनाला तुरुंगवास देता येत नाही. सोळा वर्षांखालच्याने पहिल्यांदाच मध्यम गुन्हा केला असेल, तर त्यालाही देता येत नाही.

म्हणजे जुन्या कलम २४५ खाली, दोघींनी मिळून, कितीही प्राण्यांना, कितीही वेळ छळून मारलं आणि ते चित्रित केलं, तरी त्या वेळी अठरा पूर्ण नसलेल्या आणि आधी कधी शिक्षा न झालेल्या आरोपीला केवळ क्रौर्यासाठी एक दिवसाचाही तुरुंगवास देण्याचा अधिकार न्यायाधीशांना नव्हता. शिक्षा कमी होती असं लोक म्हणत होते. या वयाच्या आरोपीसाठी ती जागाच रिकामी होती.

याहून वाईट म्हणजे सुधारणेची वाटही बंद होती. कलम ९२ नुसार न्यायालय अल्पवयीनाची तुरुंगवासाची शिक्षा रद्द करून त्याला बंदिस्त विशेष शिक्षणसंस्थेत पाठवू शकतं. तिथे शाळा असते, शिक्षक असतात, देखरेख असते. पण ही सोय मध्यम आणि गंभीर गुन्ह्यांसाठी आहे. किरकोळ वर्गातल्या मुलाला तिथे पाठवता येत नाही. त्याच्यासाठी उरतं ते समज देणं, पालकांच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवणं, फावल्या वेळावर बंधनं घालणं, दंड, थोडं सक्तीचं काम.

मग त्या तुरुंगात गेल्या कशा?

ऑगस्ट २०१७ मध्ये खाबारोव्स्कच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. एका मुलीला चार वर्षं तीन महिने, दुसरीला तीन वर्षांच्या आसपास, सोबतच्या तरुणाला तीन वर्षं.

हे आकडे पाहून अनेकांना वाटलं, की जुन्या कायद्यानेही पुरेशी शिक्षा झाली, मग बदल कशाला? पण आरोपपत्रात फक्त प्राणी नव्हते. एका माणसाला लुटल्याचा आरोप होता. रशियन दंडसंहितेत जबरी लुटीच्या साध्या प्रकारालाही आठ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गटाने केली तर त्याहून जास्त. द्वेष पसरवल्याचा आणि श्रद्धाळूंच्या भावना दुखावल्याचाही आरोप होता. वरची कलमं लक्षात ठेवून हा निकाल वाचला, की वर्षांचं वजन कुठून आलं ते कळतं. चार वर्षं तीन महिने हा आकडा केवळ प्राण्यांच्या कलमातून निघूच शकत नव्हता.

मला या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. त्या माणसाची लूट झाली नसती, किंवा ती उघडकीला आली नसती, तर देश हादरवणाऱ्या या क्रौर्याबद्दल अल्पवयीन आरोपी घरी गेले असते. माणसाचा खिसा कापला गेला म्हणून प्राण्यांना न्याय मिळाल्यासारखं दिसलं. प्राण्याच्या वेदनेची स्वतःची अशी किंमत त्या निकालात फारशी नव्हती, आणि त्यात न्यायाधीशांचा दोष नव्हता.

डिसेंबर २०१७ ची दुरुस्ती

२० डिसेंबर २०१७ रोजी दुरुस्ती कायदा क्रमांक ४१२ वर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. गुन्ह्याची व्याख्या बदलली. वेदना देण्याचा हेतू हा स्वतंत्र आधार झाला, त्यामुळे प्रत्येक वेळी गुंडगिरी किंवा लोभ सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. एकट्याने केलेल्या साध्या प्रकाराला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आला. कलमाच्या दुसऱ्या भागात तीन ते पाच वर्षं आली, आणि हा भाग जवळजवळ खाबारोव्स्क डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेला वाटतो. त्यात गटाने केलेलं क्रौर्य आहे, लहान मुलांदेखत केलेलं आहे, विकृत पद्धतीने केलेलं आहे, एकापेक्षा जास्त प्राण्यांवर केलेलं आहे, आणि इंटरनेटसह कुठेही जाहीरपणे दाखवलेलं आहे.

हे शेवटचं विशेष महत्त्वाचं. चित्रण हा पूर्वी केवळ पुरावा होता, आता तो गुन्ह्याची तीव्रता वाढवणारा घटक झाला. हाल करायचे आणि ते लोकांना दाखवायचे, यातलं दाखवणं हे या पिढीच्या क्रौर्यात पुष्कळदा मूळ कारणच असतं. अमेरिकेतही कायद्याची सुरुवात चित्रफितींपासूनच झाली. २०१० मध्ये प्राण्यांना चिरडण्याच्या व्हिडिओंवर केंद्रीय बंदी आली. ती चित्रण करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना पकडत होती. मूळ कृत्य केंद्रीय गुन्हा व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे.

रशियात दुसऱ्या भागाची कमाल शिक्षा पाच वर्षं झाली, आणि गुन्हा किरकोळ वर्गातून मध्यम वर्गात गेला. दोनाचे पाच झाले यापेक्षा हे सरकणं मोठं आहे. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्या सतरा वर्षांच्या आरोपीला तुरुंगवास देता येऊ लागला. तो रद्द करून विशेष शिक्षणसंस्थेत पाठवण्याची वाटही त्याच क्षणी उघडली. खटला मुदतबाह्य होण्याचा काळ दोन वर्षांवरून सहा वर्षांवर गेला. अल्पवयीनांसाठी ही मुदत निम्मी धरतात, म्हणजे एका वर्षाची तीन वर्षं झाली. तपास करणाऱ्यांना विचारा, एक वर्ष किती लवकर सरतं! आरोपी ओळखायचा, मोबाइल ताब्यात घेऊन पुसलेल्या फायली परत काढायच्या, शवविच्छेदन करणारा पशुवैद्यक गाठायचा, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवायचा, या सगळ्यातच वर्ष उलटतं. दुरुस्तीने फौजदारी प्रक्रियाही बदलली आणि दुसऱ्या भागातल्या प्रकारांचा तपास संक्षिप्त चौकशीतून काढून पूर्ण तपासाकडे दिला.

साधा प्रकार मात्र बरोबर तीन वर्षांवर थांबवला गेला, म्हणजे किरकोळ वर्गातच राहिला. पहिल्यांदाच, एकट्याने, एका प्राण्यावर, न दाखवता क्रौर्य करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला आजही या कलमाखाली तुरुंग नाही. मला ही रेघ योग्य वाटते. सुक्याबरोबर ओलं जळू नये यासाठी कायद्यात अशी जागा असावीच. रागाच्या भरात एकदा केलेली मारहाण आणि आठवडेच्या आठवडे जाहिराती शोधून, प्राणी आणून, कॅमेरा लावून केलेला छळ यांत फरक आहे.

नवा कायदा त्या मुलींना लागला नाही. शिक्षा वाढवणारा कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही. संतापलेल्या अनेकांना हे पटलं नाही, पण ते तसंच असायला हवं.

वर्षभराने, २७ डिसेंबर २०१८ रोजी, प्राण्यांशी जबाबदारीने वागण्याबद्दलचा स्वतंत्र कायदाही झाला. क्रौर्याच्या चित्रफिती तयार करण्यावर आणि पसरवण्यावर त्यात बंदी आहे. मात्र एक मोठी उणीव कलम २४५ मध्ये राहून गेली. दोषी ठरलेल्या माणसाला पुढे प्राणी पाळण्याची मनाई करणारी शिक्षा त्यात नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यात न्यायालय अशी मनाई करू शकतं. तिथली कमाल कैद सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर जायला २०२१ उजाडलं, पण मनाईचं हत्यार न्यायालयाकडे आधीपासून होतं. रशियात शिक्षा भोगून आलेला माणूस त्याच दिवशी जाहिरात वाचून पिल्लू मागायला जाऊ शकतो आणि देणाऱ्याला काही कळायचा मार्ग नाही.

सोळा की चौदा?

याचिकांमधली दुसरी मागणी वयाची होती. रशियात सर्वसाधारण गुन्हेगारी जबाबदारी सोळाव्या वर्षी सुरू होते. काही ठरावीक गुन्ह्यांसाठी ती चौदाव्या वर्षी सुरू होते आणि त्यांची यादी कलम २० मध्ये आहे. कलम २४५ त्या यादीत नाही आणि २०१७ च्या दुरुस्तीनेही ते घातलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने खाबारोव्स्कसारखं काही केलं तर फौजदारी न्यायालय मध्ये येत नाही. अल्पवयीनांचा आयोग येतो, पोलिसांच्या नोंदवहीत नाव जातं, पालकांना बोलावलं जातं.

चौदा वर्षांच्या यादीत काय आहे ते बघा. खून, बलात्कार आहेत, ते अपेक्षितच. पण चोरीही आहे आणि सार्वजनिक वास्तू विद्रूप करणंही आहे. चौदा वर्षांच्या मुलाने भिंतीवर रंग फासला तर तो गुन्हेगार ठरू शकतो, कुत्र्याचा छळ करून त्याला मारलं तर नाही. भिंतीला वेदना होत नाहीत, एवढं तरी कायद्याने लक्षात घ्यायला हवं होतं.

वय कमी करण्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. मुलांना तुरुंगात टाकून क्रौर्य कमी होत नाही, तिथे ते अधिक शिकून बाहेर येतात. हे खरंच आहे. चौदा वर्षांचं मूल प्राण्याला छळतं तेव्हा बहुधा त्याच्यावरही कुठेतरी काहीतरी घडत असतं. घरातली मारहाण, शाळेतला छळ, स्वतःवर झालेले अत्याचार, अशी कारणं मागे असू शकतात. वर्तनविकाराच्या मानसोपचारातल्या निकषांमध्ये प्राण्यांशी क्रूरपणे वागणं १९८७ पासून नोंदलेलं आहे. अमेरिकेच्या एफबीआयने २०१६ पासून प्राण्यांवरचं क्रौर्य स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदवायला घेतलं, त्यामागेही माणसांवरच्या हिंसेशी त्याचा असलेला संबंध हे एक कारण होतं. याचा अर्थ प्राण्याला छळणारं प्रत्येक मूल पुढे खुनी होतं, असा नाही. तसं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. एवढं मात्र नक्की, की अशा मुलाकडे कुणीतरी जाणत्या माणसाने नीट बघण्याची गरज असते, आणि ती ‘पोरवयात होतं असं’ म्हणून उडवून लावण्याने भागत नाही.

तुरुंगाची भीती घालणाऱ्यांच्या नजरेतून कलम ८८ निसटतं. पहिल्यांदाच मध्यम गुन्हा केलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगवास देता येत नाही, हे तिथे आधीच लिहिलेलं आहे. त्यामुळे कलम २४५ चा दुसरा भाग चौदा वर्षांच्या यादीत घातला, तरी पहिल्या गुन्ह्यासाठी चौदा-पंधरा वर्षांचं एकही मूल तुरुंगात जाणार नाही. बदलेल ते एवढंच, की ते मूल नोंदवहीत न अडकता न्यायाधीशासमोर येईल. तपास होईल, त्याच्या घरात काय चाललंय याची चौकशी होईल, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवता येईल, वकील मिळेल, आणि सक्तीच्या सुधारणेचे उपाय न्यायालयाच्या आदेशाने लागू होतील. पालकांना ते टाळता येणार नाहीत. ही सगळी व्यवस्था सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी आज आहे, मग चौदा-पंधरा वर्षांच्यांना, जिथे वेळेवर हात घातला तर वळण लागण्याची शक्यता जास्त, तिथे ती का नसावी?

म्हणून मी वय चौदावर आणण्याच्या बाजूने आहे, पण फक्त दुसऱ्या भागासाठी. साध्या प्रकारासाठी आयोग पुरेसा आहे. सोबत दोन गोष्टी कायद्यातच लिहिलेल्या हव्यात. अशा प्रत्येक अल्पवयीनाची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी सक्तीची हवी, न्यायाधीशाला वाटलं तर मागवायची अशी नको. आणि प्राणी पाळण्याची, तसंच निवाऱ्यातून किंवा जाहिरातीवरून प्राणी घेण्याची ठरावीक वर्षांची मनाई हवी. ती पाळली जाते की नाही हे त्या मुलावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानेच बघावं. पहिल्या बदलाला कलम २० मध्ये एक ओळ घालावी लागेल, दुसऱ्या दोहोंसाठी अल्पवयीनांच्या सक्तीच्या सुधारणेबद्दलचं कलम ९० आणि कलम २४५ यांमध्ये प्रत्येकी एक परिच्छेद. यातल्या कशालाही एक दिवसाचाही जास्तीचा तुरुंगवास लागत नाही.